मामांचा तारापूर फॉरवर्ड

सकाळी सहालाच मामांचा मेसेज: "आशियातील पहिले अणुवीज केंद्र तारापूर! शंभर टक्के स्वदेशी! इथल्याच प्लुटोनियमचा बॉम्ब 1974 ला पोखरणला फुटला, म्हणून चिडून अमेरिकेने इंधन तोडले!" खाली तिरंग्यांची रांग. मामा निवृत्त विज्ञानशिक्षक, म्हणून जास्तच डोकं फिरलं.

'आशियातील पहिले' खोटं. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेची 'प्रिस' ही अणुभट्ट्यांची नोंदवही कुणालाही उघडून बघता येते. जपानचं तोकाई 1966 ला व्यावसायिकरीत्या सुरू झालं, तारापूर 28 ऑक्टोबर 1969 ला. भारतातलं पहिलं म्हणा, भांडण मिटलं.

स्वदेशी? भट्ट्या जनरल इलेक्ट्रिक या अमेरिकी कंपनीच्या, बांधकाम बेक्टेल या दुसऱ्या अमेरिकी कंपनीकडे, कर्ज अमेरिकेचं, इंधन म्हणून लागणारं समृद्ध युरेनियमही तिकडचंच. होमी भाभांनी यातलं काही लपवलं नव्हतं, उघड जागतिक निविदा काढल्या होत्या. मग आपण कशाला लपवायचं?

आता पोखरण. मामा, हे कौतुक नाही, देशावरचा आरोप आहे! 1963 च्या भारत-अमेरिका करारानुसार तारापूरचं इंधन फक्त शांततेच्या कामासाठी होतं आणि आंतरराष्ट्रीय निरीक्षक त्याचा हिशोब ठेवत. तिथलं प्लुटोनियम बॉम्बला गेलं म्हणजे भारताने करार मोडून चोरी केली, असंच आपण छाती फुगवून सांगतोय. प्रत्यक्षात 1974 चं प्लुटोनियम ट्रॉम्बेच्या 'सायरस' या संशोधन भट्टीतलं. ती कॅनडाने दिलेली, तिला लागणारं जड पाणी अमेरिकेचं. जगाने आरडाओरडा केला तो त्यावरून. शिवाय वीज काढण्यासाठी इंधन भट्टीत बराच काळ जळतं आणि त्यात प्लुटोनियम-240 हा प्लुटोनियमचा एक प्रकार वाढतो. बॉम्ब करणाऱ्याला तो नकोच असतो. विज्ञानशिक्षकाला हे मी सांगायचं?

इंधन तोडलं, एवढं मात्र खरं. मान्य. पण पोखरणनंतर लगेच नाही. 1978 च्या अमेरिकी कायद्याने देशातल्या सगळ्याच अणुकेंद्रांची तपासणी मागितली, भारताने नकार दिला, अमेरिकेचं इंधन थांबलं, आणि 1982 मध्ये त्याऐवजी फ्रान्सकडून इंधन घेण्याची बोलणी जमली. पुढे 210 मेगावॉटच्या त्या दोन भट्ट्या 160 वर उतरवाव्या लागल्या, ते मेसेजमध्ये कशाला येईल!

एक शंका मात्र येते. तारापूरच्या शेजारी पोफरण नावाचं गाव होतं. तिसऱ्या-चौथ्या भट्टीसाठी ते आणि अक्करपट्टी उठवलं. मेसेज लिहिणाऱ्याने पोफरणचं पोखरण केलं नसेल ना? तसं असेल तर निदान गावाचं नाव तरी नीट लिहा.