दिवाळीत नको, पौषात करा

पुण्यातला लक्ष्मी रस्ता दिवाळीत वाहनमुक्त करून जत्रा भरवा, असं एका लेखात म्हटलंय. पण दिवाळीत तिथे गर्दी आपणहून होते. साड्या आणि सोन्याच्या या बाजाराला उठाव हवा असतो तो पौषात, लग्नं नसतात तेव्हा. महापालिकेचा ११ डिसेंबरचा पादचारी दिन चांगलाच, पण एका दिवसाने सवय लागत नाही. सलग चार-पाच रविवार हवेत.

दुकानदार बिथरतात ते मांडणीमुळे. स्टॉलची पाठ दुकानाकडे आली की शोकेस झाकली जाते. म्हणून मध्ये पाठीला पाठ लावून एकच रांग, तोंडं दोन्हीकडच्या दुकानांकडे, एका बाजूला अग्निशमन बंबासाठी सलग चार मीटर मोकळे. कमानी साडेचार मीटरच्या वर. माल सकाळी दहापूर्वी उतरवून घ्या.

एकच मोठं स्टेज कधीच नको! सगळे तिथेच थिजतात, बाकीचा रस्ता ओस. त्यापेक्षा चार चौकांत वीस-वीस मिनिटांचे कार्यक्रम, आळीपाळीने, म्हणजे माणसं चालती राहतात. कर्णे लहान आणि खाली झुकवलेले. व्यापारी भागात दिवसाची मर्यादा ६५ डेसिबल आहे, आणि वरच्या मजल्यांवर लोक राहतात.

स्वच्छतागृहांचं मात्र लेखात नावही नाही. ती नसतील तर कुटुंबं तासाभरात परततात.