बॅकअप होता हो, बॅकअप होता!

काल रात्री माझा जुना कॉम्प्युटर मेला. सकाळपासून ज्यांनी ज्यांनी मला ‘बॅकअप घेतला नव्हता का?’ असं विचारलंय, त्या सगळ्यांना मिळून हे एकच उत्तर. प्रत्येकाला वेगळं लिहायचं त्राण अंगात नाही. रात्रभर डोळ्याला डोळा नाही, आणि त्यात दुपारी घरच्या ग्रुपवर पुतण्याचा मेसेज : ‘काकू, असला डबा आता कोण वापरतं? फेकून द्या. सगळं क्लाउडवर टाकत जा.’ खाली जीभ बाहेर काढलेले पिवळे चेहरे. त्यावर घरातल्या निम्म्या माणसांनी अंगठे दिलेत. ह्यांनीसुद्धा!

तर, बॅकअप होता. काम संपवून उठताना मी फाइल पेन ड्राइव्हवर घेते आणि तो देव्हाऱ्याच्या खणात ठेवते. काल रात्री कॉम्प्युटर मेला तेव्हा तोच काढून ह्यांच्या लॅपटॉपला लावला. फाइल दिसली, पण उघडायला त्यात पेजमेकर, म्हणजे पानं लावायचं सॉफ्टवेअर नाही. मजकूर वेगळा काढून ठेवला होता, तो उघडला तर पानभर रोमन अक्षरं, डॉलरच्या खुणा, कंस आणि टिंबं. कारण ही फाइल एका दिवाळी अंकाची, आणि तो अंक श्रीलिपी ह्या जुन्या मराठी फॉण्टांतला. युनिकोडच्या (म्हणजे कुठल्याही मशीनवर मराठी मराठीच दिसते त्या पद्धतीच्या) आधीच्या ह्या फॉण्टांत आपला ‘क’ हा रोमन अक्षराच्या जागेवर जाऊन बसलेला असतो. फॉण्ट नसला की मराठी नाहीशी आणि खालचा सगळा कचरा वर. फॉण्ट चालवायला सॉफ्टवेअर लागतं, सॉफ्टवेअर चालवायला त्याचं लॉक लागतं, ते यूएसबीला लावायचं. आणि हे सगळं ज्या मशीनवर नीट बसलंय, ते मशीन टेबलाखाली गार पडलेलं. आता सांगा, क्लाउडवर काय टाकू? टेबल टाकू?

मी घरी डीटीपी करते, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्यातल्या कित्येकांच्या लग्नपत्रिका, काकांची पंच्याहत्तरी, सोसायटीचे अहवाल माझ्याच हातून गेलेत. सध्या दिवाळी अंकांचे दिवस. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून महाराष्ट्रात दरवर्षी पावसाळा सरता सरता कोणी ना कोणी ह्या अंकांपायी रात्री जागत आलंय. आमच्या अंकाचे संपादक कविता शेवटच्या क्षणी बदलतात, जाहिरातदार त्याहून शेवटच्या क्षणी. गेल्या कित्येक वर्षांच्या जाहिराती, चौकटी, शीर्षकं सगळं जुन्या फॉण्टात पडलंय. नवीन कामं मी युनिकोडमध्येच करते, मला अडाणी समजू नका. पण जुनं रूपांतर करायला घेतलं की जोडाक्षरं मोडतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो, आणि मग अख्खा अंक पहिल्यापासून वाचायचा. त्याचे पैसे कोण देणार? पुतण्या?

आता रात्रीचं सांगते, म्हणजे ‘डबा’ म्हणणाऱ्यांना कळेल.

सासूबाई आमच्याकडेच असतात. वय ८४. उन्हाळ्यात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन चालतात आता, पण रात्र झाली की भान सुटतं. गावाकडच्या घरात आहोत असं वाटतं त्यांना. तासगाव तालुक्यात आमच्या सासऱ्यांची पिठाची गिरणी होती, घराला लागूनच. सासूबाईंचा अख्खा संसार त्या घरघरीत गेला. आणि माझ्या कॉम्प्युटरचा पंखा जुना, त्याची एकसारखी घरघर चालू असते. ती ऐकू येत राहिली की त्यांना बरं वाटतं, पडून राहतात. म्हणून मी टेबलच त्यांच्या खोलीत आणलंय. माझं काम होतं, त्यांची झोप होते.

काल पावसानं उच्छाद मांडला होता. मध्यरात्र उलटून गेल्यावर लाईट गेली. यूपीएस टीं टीं करायला लागला, मी फाइल सेव्ह केली, पेन ड्राइव्ह काढला, बंद करतच होते तेवढ्यात लाईट आली. आली ती कशी! आधी मिणमिणती, मग एकदम इतकी लख्ख की पंखा वेड्यासारखा फिरायला लागला. कुठंतरी न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटला की असं होतं. २३० व्होल्टच्या जागी भलताच दाब घरात येतो. टेबलाखाली ‘फट्’ झालं. जळका वास. स्क्रीन काळा.

बटण दाबलं की कॉम्प्युटरचा पंखा अर्धा गिरका घ्यायचा आणि थांबायचा. पुन्हा दाबलं, पुन्हा अर्धा. मोबाइलची बॅटरी दातात धरून मी बाजूचा पत्रा उघडला, रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी काढली, तिचे सोनेरी दात मुलीच्या खोडरबरानं घासले, परत बसवली. (जुन्या कॉम्प्युटरवाल्यांना हे सांगायला नको. आपला निम्मा संसार खोडरबरावर चालतो.) काही नाही.

आणि खोलीत एकदम सगळं गप्प झाल्यामुळं सासूबाई उठून बसल्या.

‘गिरण का बंद झाली गं? लाईट आली की.’

काय सांगणार? आधी म्हटलं, आई झोपा, रात्र आहे. त्या पाय खाली सोडायला लागल्या. लोकांचं दळण पडलंय म्हणाल्या. शेवटी मी म्हटलं, दगडाला टाकी लावायला घेतलीय, म्हणून बंद आहे. (टाकी लावायची म्हणजे झिजलेल्या दगडावर छिन्नीनं पुन्हा खाचा पाडायच्या.) हे मात्र पटलं. ‘मग डबं वळीनं लावून ठेव, न्हाईतर सकाळी भांडणं व्हत्यात.’ मी खरोखर उठून स्वयंपाकघरातले दोन डबे आणून भिंतीशी लावले. त्यावर त्या आडव्या झाल्या. थोड्या वेळानं पुन्हा उठल्या, पुन्हा तेच. पहाटेपर्यंत हेच. मी त्यांच्या पायाशी बसून त्या गिरणीचं सगळं ऐकलं. मोटर कधी जळली, कोणाकडे रिवाईंडिंगला दिली, पट्टा कुठून आणायचे, दगडाला टाकी लावणारा माणूस यायचा तेव्हा त्याला चहाबरोबर काय द्यायचे. सासऱ्यांनी एकच मोटर जन्मभर चालवली. तांब्याची तार बदलली, बेअरिंग बदललं, मोटर तीच. ‘नवी घ्या’ असं त्यांना कोणी म्हटलं असतं तर त्यांनी त्या माणसाचं दळण परत केलं असतं.

हो, त्या पिठाच्या धुळीनं त्यांच्या छातीचं वाटोळं झालं, तेही मला माहीत आहे. जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणत नाही. पुढे वाचा.

सकाळी आधी फोन केला तो त्या मोठ्या, एसीवाल्या सर्व्हिस सेंटरला. ह्यांचा हट्ट. रिक्षात कॅबिनेट मांडीवर घेऊन गेले. काउंटरवरच्या पोरानं पत्रासुद्धा उघडला नाही. मॉडेल बघितलं, बिलाची तारीख विचारली, म्हणाला, ‘मॅडम, मदरबोर्ड गेलाय. पार्ट येत नाहीत ह्याचे. एवढी वर्षं वापरायचंच नसतं.’ आणि नव्या लॅपटॉपचं पत्रक पुढे सरकवलं, हप्त्यांच्या कोष्टकासकट. म्हटलं, बाबा, न उघडता तुला कळलं कसं? तर म्हणतो, अनुभव.

वापरायचंच नसतं! हे वाक्य डोक्यात बसलंय माझ्या. खुब्याच्या ऑपरेशनच्या वेळीही एका जवळच्या नातेवाइकानं हॉस्पिटलच्या जिन्यात मला बाजूला घेऊन असंच काहीतरी म्हटलं होतं, ह्या वयात एवढा खर्च कशाला म्हणून. तेव्हा मी गप्प बसले. कालच्या रात्री त्याच सासूबाईंनी मला... असो. भलतीकडे चालले. ते ह्या पोस्टचं काम नाही आणि ते गृहस्थ माझ्या लिस्टमध्ये आहेत. वाचलंत तर वाचा.

मग तिथून निघाले ती गल्लीतल्या दुरुस्तीवाल्याकडे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. त्यानं आधी वास घेतला. खरंच, नाक लावून. मग एसएमपीएसचा, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या पेटीचा, मोठा जोड बोर्डातून काढला, खिशातली यू पिन सरळ केली आणि हिरव्या वायरीच्या भोकातून काळ्या वायरीच्या भोकात घातली. अशी घातली की एसएमपीएस चांगला असेल तर त्याचा पंखा आपला आपण फिरतो, कॉम्प्युटर जोडलेला नसला तरी. हा फिरला नाही. ‘बोर्ड राहू दे मॅडम, आधी ह्याला बघू.’ दुसरा एसएमपीएस लावला, बटण दाबलं आणि माझं मशीन सुरू! बोर्ड शाबूत, डिस्क शाबूत, पेजमेकर, फॉण्ट, लॉक सगळं जागच्या जागी. माझा एसएमपीएस त्यानं उघडून दाखवला : कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणाऱ्या छोट्या नळ्या, ज्यांच्या डोक्यावर फुलीसारखी खाच असते ना, ते डोक्याला फुगून फाटलेले. ते वरून सपाट असायला हवेत.  तेवढं बघायला कोणताही अनुभव लागत नाही, चार स्क्रू काढावे लागतात.

घरी आणून लावला. घरघर सुरू झाली तशी सासूबाई आतून म्हणाल्या, ‘आधी कुणाचं दळण हाय?’ मी म्हटलं, संपादकांचं.

ह्यांना सांगितलं पैसे किती दिले ते. तर लगेच, ‘एका यू पिनेचे एवढे?’ इथं माझं डोकं पुन्हा फिरलं. डॉक्टर नाडीला हात लावतो त्याची फी देताना आपण नाडीचा भाव विचारतो का? एसीत बसून न बघता ‘गेलं’ म्हणणाऱ्याच्या पत्रकावरचे हप्ते आपल्याला रास्त वाटतात, आणि मांडी घालून बोट भाजून घेणाऱ्याशी आपण शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो. तुम्ही पण करता. मी बघितलंय तुम्हाला. गल्लीतले सगळे दुरुस्तीवाले संत नसतात, चांगली रॅम काढून घेऊन जुनी घालणाराही मला भेटलाय. ठीक. म्हणून सगळ्यांना एका तागडीत?

दिल्लीत ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, पोर्टलही काढलं. चांगलंच केलं. पण आमच्या जिन्याखालच्या पोराला आजही बोर्डाचा नकाशा कोणी देत नाही, तो अंदाजानं आणि मीटर लावून शोधतो. आणि दुसरीकडे, विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. पुढची आवृत्ती अधिकृतपणे घ्यायची तर मशीनमध्ये टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, प्रोसेसर ठरावीक यादीतला हवा. सुरक्षेसाठी करतात म्हणे, आणि नेटवर बँकेचे व्यवहार करणाऱ्यानं ते ऐकावंही. मी त्या मशीनवर बँक उघडतच नाही, नेटची वायरही लावत नाही. माझं मशीन फक्त पानं लावतं. त्याला कोण कुठं हॅक करणार, आणि करून काय नेणार, भावगंधर्व टोपणनावाच्या कवीची वृत्तात न बसलेली गझल?

(कवी महाशय, रागावू नका. हे टोपणनाव मी आत्ता इथंच बनवलंय. गझल मात्र खरी आहे.)

आता राग थोडा उतरला. लिहिता लिहिता चहा झाला. पुतण्या तसा गुणी आहे, मला मोबाइलवर गुगलचं मराठी बोलून टाइप करायला त्यानंच शिकवलं, ही पोस्टही अर्धी तशीच बोलून लिहिलीय, म्हणून कुठं शुद्धलेखन घसरलं असेल तर त्याला धरा. एक मात्र त्याला सांगून ठेवते : ‘डबा’ म्हणायचं तर रांगेतल्या डब्याला म्हणावं. ह्या मशीननं तुझ्या बहिणीची चार वर्षांची फी भरलीय.

कामाचं बोलते. मिरज-सांगलीकडे कोणाच्या माळ्यावर जुना चालू एसएमपीएस, जुनी रॅम, पीएस-टू वाला (गोल पिनेचा) कीबोर्ड पडला असेल तर भंगारात घालण्याआधी मला किंवा जिन्याखालच्या पोराला कळवा. फुकट नको, योग्य पैसे देऊ. यूपीएसची बॅटरी मी उद्या बदलतेय, आणि व्होल्टेज वाढलं की लाईट तोडणारं काहीतरी बसवायला वायरमनला सांगितलंय. तुमच्याकडेही न्यूट्रलचा घोळ होत असेल तर त्याला विचारून घ्या, हे मीटरबोर्डजवळ बसतं.

आणि संपादक साहेब, तुम्ही ही पोस्ट लाईक केलीत ते दिसलं. ९६ व्या पानाचं प्रूफ अजून आलेलं नाही.