आवाज तुमचा का आमचा?

पुण्यात नळ स्टॉपच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याने स्वतःचं इंजिन बंद केलं, कान टवकारले आणि पुन्हा चालू केलं.

"नाही, तुमचाच आहे," तो म्हणाला. "मला वाटलं, माझंच काही सुटलं."

त्याच्या चेहऱ्यावर जे हायसं वाटणं होतं, ते मला अजून बोचतंय. दोन दारांची, दोन सीटची, रस्त्याला पोट घासत जाणारी स्पोर्ट्‌स कार घ्यायची, आणि भर सिग्नलला रिक्षाने आपल्याकडे बघून देवाचे आभार मानायचे!

गाडी पळत असताना हा आवाज नसतो. म्हणजे असेलही, पण तेव्हा सायलेन्सर, वारा आणि टायर मिळून एवढा गोंधळ घालतात की त्यात एका किणकिणीला कोण विचारतो? उभी राहिली की मात्र सुरू. यात भुताटकी नाही, साधं गणित आहे. चार सिलिंडरचं फोर-स्ट्रोक इंजिन आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, मिनिटाला आठशे फेरे घेतं. दर फेऱ्याला दोन स्फोट, म्हणजे सेकंदाला साधारण २७ धक्के. सहा सिलिंडर असतील तर ४०. गाडीतल्या प्रत्येक सैल वस्तूचा नाचायचा एक ठरलेला वेग असतो. ज्या पत्र्याचा वेग २७ च्या आसपास, त्याचं नशीब सिग्नलला उघडतं. म्हणून पहिली परीक्षा अगदी फुकटची: ॲक्सिलरेटर किंचित दाबून काटा हजारावर न्यायचा. धक्के ३३ वर जातात. आवाज तिथे गपकन थांबला तर काहीतरी सैल आहे, खुशाल शोधत बसा. फेऱ्यांबरोबर तोही वाढत गेला, तर फिरणाऱ्या भागांकडे बघायचं.

त्याआधी इंजिन स्वतःच लंगडत नाही ना, ते पाहावं. एक सिलिंडर मिसिंग करत असेल, म्हणजे आपला स्फोट चुकवत असेल, तर सेकंदाला सहा-सात वेळा बुडाखाली ढकलल्यासारखं होतं. कोड वाचायचं यंत्र लावलं की पी ०३०१ ते पी ०३०४ यांपैकी जो आकडा येईल, त्याचा शेवटचा अंक म्हणजे गुन्हेगार सिलिंडर. ते सोडून डॅशबोर्डात फोम कोंबत बसणं म्हणजे ताप आलेल्या माणसाला दात वाजू नयेत म्हणून रुमाल चावायला देणं.

खरं तर आवाजाच्या निदानासाठी मराठीइतकी तयार भाषा नाही. खुळखुळ म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या आतली जाळी फुटलेली; गाडी थंड असताना त्यावर रबरी हातोडीने टकटक करा, खुळखुळ्यासारखा वाजेल. तडतड म्हणजे सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा. त्याच्या बोल्टाचं भोक गंजून मोठं झालेलं असतं, तिथे स्टीलचा मोठा वायसर टाकला की काम झालं. (तो पत्राच काढून फेकणारे महाभाग आहेत. पेट्रोलची नळी त्याच्या पलीकडूनच जाते, हे त्यांना नंतर कळतं.) करकर म्हणजे प्लास्टिकवर प्लास्टिक, मध्ये फेल्टची पट्टी. कचकच म्हणजे दाराचं कोरडं रबर. त्याला सिलिकॉन ग्रीस लावायचं, गंजावरचा फवारा नव्हे, त्याने रबर फुगतं. आणि सगळ्या गाडीलाच धडधड भरली असेल तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे इंजिन ज्यावर टेकलेलं असतं ते. मूळचं रबरी असतं, काहींच्या पोटात तेल असतं, ते गळलं की खाली काळा ओघळ दिसतो. हौशी मालकांनी त्या जागी पॉलियुरेथेनचं कडक फाउंडेशन बसवलेलं असतं. मग इंजिन हलत नाही, पण सीट, आरसा आणि कवळी हलते.

इतके शब्द आहेत आपल्याकडे! पण गॅरेजात जा, टाय लावलेला मुलगा टॅबलेटवर एकच शब्द लिहितो: नॉइज. कसला, कुठून, गाडी थंड असताना की गरम, क्लच दाबून की सोडून, काहीही विचारत नाही. गाडी त्यांच्याकडे पोचेपर्यंत तापलेली असते, रबरं मऊ पडलेली असतात, फेरे शंभराने खाली आलेले असतात, त्यामुळे तिथे ती गायीसारखी उभी राहते. मग तो मुलगा करुणेने म्हणतो, "सर, आम्हाला तर काहीच ऐकू येत नाहीये. परफॉर्मन्स गाड्यांचं ते कॅरेक्टरच असतं." तपासणीचे पैसे वेगळे. कॅरेक्टर तपासल्याचे असावेत. गाडी रात्रभर तिथेच ठेवून सकाळी पहिल्या स्टार्टला ऐकायला सांगावं, एवढाच यावर उपाय आहे, आणि तो सांगितला की त्या मुलाचं कॅरेक्टर बदलतं.

तर रविवारी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये बोनेट उघडलं, आणि काका आले.

काका दापोडीच्या एस.टी. वर्कशॉपमधून निवृत्त. कुणाचंही बोनेट उघडलं की त्यांना घरात बसल्या बसल्या कळतं.

"चालू ठेव," ते म्हणाले. थोडा वेळ ऐकलं. "ह्याला तू आवाज म्हणतोस?"

"काका, डोकं उठलंय त्याने."

"अरे, आमच्या गाडीच्या आयडलिंगला खिडक्या थरथरल्या नाहीत तर ड्रायव्हर खाली उतरून बघायचा, इंजिन बंद पडलं की काय. १ जून १९४८ ला पहिली एस.टी. पुण्याहून नगरला गेली. ती काय किणकिण ऐकत गेली?"

काकांचा जन्म त्यानंतरचा. पण सांगतात असं, की घंटीची दोरी त्यांनीच ओढली होती.

"काका, माफलर काढा, बेल्ट फिरतोय."

"थंडी आहे."

"अहो, मे महिना आहे!"

"सकाळची असते."

माफलर निघाला तो वॉचमनच्या हातात गेला. मग काकांनी काठी उलटी केली, टोक व्हॉल्व्ह कव्हरवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले. हसण्यावारी नेऊ नका, पद्धत बरोबर आहे. लांब स्क्रूड्रायव्हरनेही हेच करतात, फक्त टोक स्थिर भागावरच टेकवायचं, पुलीच्या आसपास नाही. "टॅपेट ठीक," काका म्हणाले. काठी सरकली. "इंजेक्टर टिकटिकतायत, ते टिकटिकणारच." काठी अल्टरनेटरच्या अंगावर. "बेअरिंग अजून वर्षभर जाईल."

एव्हाना दूधवाला थांबला होता. सायकलवरची दोन पोरं होती. पहिल्या मजल्यावरच्या काकू कपडे वाळत घालता घालता एकच टॉवेल तिसऱ्यांदा झटकत होत्या.

"किती देते?" दूधवाल्याने विचारलं.

"दहा-अकरा."

"आणि बसतात किती?"

"दोन."

त्याने आपल्या मोटारसायकलकडे पाहिलं. तिच्यावर तीन किटल्या होत्या. तो काही बोलला नाही, पण बोलला असता तर बरं झालं असतं.

काका आता गाडीभोवती प्रदक्षिणा घालत होते. जिथे सैल वाटेल तिथे तळवा दाबायचा आणि ऐकायचं: बंपर, आरसा, दाराची खालची पट्टी, डिकी. मी हे करायला हवं होतं. मी काय केलं होतं? तीन रविवार घालून डॅशबोर्डची पट्टी, मधला कन्सोल आणि सीटबेल्टची कव्हरं उतरवली होती, अठरापैकी चार क्लिपा मोडल्या होत्या, आणि त्या परत बसवताना तीन नवे आवाज जन्माला घातले होते. गाडीतला आवाज नेहमी कानाच्या सर्वांत जवळच्या प्लास्टिकमधून येतोय असं वाटतं. तो तिथून येत नसतो. बाहेरून आत, खालून वर, असं जायचं असतं.

काकांनी मागच्या नंबरप्लेटवर तळवा ठेवला. शांतता.

"काढू?"

"काढा."

किणकिण.

"ठेवू?"

"ठेवा."

शांतता. हे त्यांनी सात-आठ वेळा केलं, दर वेळी प्रेक्षकांकडे बघत. गारुड्याने टोपली उघडझाप करावी तसं. शेवटच्या वेळी काकूंनी वरून टाळ्या वाजवल्या.

ती नवी सुरक्षित पाटी. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाड्यांना ती नंतर बसवून घ्यावी लागते. महाराष्ट्रात त्यासाठी इतक्या वेळा मुदतवाढ मिळाली की शेवटची तारीख हा शब्दच हास्यास्पद झाला. मी मात्र पहिल्याच हप्त्यात शहाण्यासारखी वेळ घेतली, पैसे भरले आणि उन्हात रांगेत उभा राहिलो. पाटी ॲल्युमिनियमची, मिलिमीटरभर जाडीची, ५०० बाय १२० मिलिमीटर. ठोकणाऱ्याने मधोमध दोन रिव्हेट मारले आणि दोन्ही टोकं हवेत सोडून दिली. आता ही टोकं सेकंदाला २७ वेळा डिकीच्या पत्र्याला टाळी देतात. दोन सीटच्या गाडीत डिकी आपल्या मानेमागेच असते, त्यामुळे कार्यक्रम थेट कानात. आणि रिव्हेट असे, की काढले तर मोडतात. ती सुरक्षितता! म्हणजे पाटी चोरापासून सुरक्षित, आणि वायसर टाकू पाहणाऱ्या मालकापासूनही.

उपाय एकच. फटीतली धूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची, पूर्ण वाळू द्यायची, आणि तीन मिलिमीटरची काळी रबरी फोमपट्टी शाळेच्या पट्टीने दोन्ही टोकांमागे सरकवायची. पांढरा स्पंज नको, पहिल्या पावसात तो पाणी धरून बसतो. हात घातलाच आहे तर डिकीच्या झाकणाचे रबरी बफर दोन्हीकडे अर्धा आटा बाहेर काढावेत. झाकण जरा घट्ट बसतं. सगळं मिळून वीस मिनिटं. पट्टी पोरांपैकी एकाची घेतली, तिचा सेंटिमीटरचा कोपरा मोडला, त्याची भरपाई आइस्क्रीममध्ये ठरली.

गाडी चालू केली. किणकिण गेली. वॉचमनने माफलर परत दिला, दूधवाल्याने किक मारली, मी सीटवर बसून पाय क्लचवरून उचलला आणि न्यूट्रलमध्ये ती शांतता ऐकायला लागलो.

गुरर्र.

अगदी बारीक, आसनाखालून. इतके दिवस त्या पाटीने झाकलेली. क्लच दाबला, गप्प. सोडला, गुरर्र. दाबल्यावर वाजलं असतं तर रिलीज बेअरिंग म्हणालो असतो. सोडल्यावर वाजतं म्हणजे गिअरबॉक्सच्या आतल्या इनपुट शाफ्टचं बेअरिंग किंवा फ्लायव्हील. म्हणजे गिअरबॉक्स खाली उतरवणं, म्हणजे टाय, टॅबलेट आणि कॅरेक्टर. मी पुन्हा दाबला, पुन्हा सोडला, आवाज बदलेल या आशेने.

खिडकीवर काठीची टकटक झाली. मी काच खाली केली. काका वाकून, डोळे मिटून ऐकत होते, आणि त्यांच्या तोंडावर दापोडीचं सगळं तेज आलं होतं.

"हां," ते म्हणाले. "आता हा आवाज आहे."