जिमी, हँक आणि ग्रुप सोडून गेलेला मित्र

आज सकाळी आमच्या कॉलेजच्या ग्रुपमधून एक जण निघून गेला. कारण काय, तर कुठल्याशा सभेचा फॉरवर्ड. त्यावर कोणीतरी दात काढले, मग "तुम्ही लोक" सुरू झालं, मग "तुमचे ते साहेब", आणि शेवटी ती करड्या रंगाची ओळ: अमुक यांनी ग्रुप सोडला. अरे, लाज वाटत नाही?

गेला तो कोण? पुण्यात आम्ही एका खोलीत राहायचो. फिल्म अर्काइव्हला 'व्हर्टिगो' बघून आलो, आणि त्यानंतर कित्येक दिवस हा पठ्ठ्या अमृततुल्यवर त्यातल्या हिरोसारखा, जेम्स स्टुअर्टसारखा अडखळत चहा मागायचा. "अं... म्हणजे... दोन... दोन स्पेशल." चहावाला वैतागायचा, आम्ही फुटायचो.

त्या स्टुअर्टचंच, म्हणजे जिमीचंच सांगतो. पेनसिल्व्हेनियातल्या हार्डवेअरवाल्याचा मुलगा, प्रिन्स्टनला आर्किटेक्चर शिकलेला, काडीपैलवान. १९३२ साली नाटक कंपनीत त्याला हेन्री फोंडा, म्हणजे हँक भेटला. न्यूयॉर्कला दोघं एका खोलीत राहिले, पुढे हॉलिवूडमध्येही एकाच घरात. विमानांची मॉडेल्स बनवायची, मुलींच्या मागे फिरायचं. (आम्ही फक्त चहा प्यायचो.) १९४० च्या सिनेमांसाठी ऑस्करला दोघं समोरासमोर आले. 'ग्रेप्स ऑफ रॉथ'मधला फोंडा हरला, स्टुअर्ट जिंकला. आणि मत? मत मी फोंडालाच दिलं होतं, असं स्टुअर्ट सांगायचा. ऑस्करची बाहुली गेली वडिलांच्या दुकानाच्या काचेत.

मग युद्ध. वजन कमी म्हणून सैन्याने आधी परत पाठवलेला हा हिरो पुन्हा गेला, बॉम्बर विमानं घेऊन जर्मनी आणि जर्मनांच्या ताब्यातल्या युरोपवर वीस मोहिमा केल्या आणि कर्नल होऊन परतला. सिनेमाच्या जाहिरातीत ह्या पराक्रमाचा एक शब्द वापरू दिला नाही. आपल्याकडे लष्करी गणवेशात शूटिंग केलं तरी मुलाखती संपत नाहीत, ते जाऊ दे.

मुद्दा पुढचा आहे. स्टुअर्ट कट्टर रिपब्लिकन, फोंडा तितकाच पक्का डेमोक्रॅट. १९४७ च्या सुमारास, हॉलिवूडमध्ये कम्युनिस्ट हुडकायची मोहीम सुरू असताना, दोघांचं असं जुंपलं की प्रकरण हातघाईवर गेलं म्हणतात. त्यानंतर ठरलं: राजकारण बोलायचं नाही. बास.

हो, ही पळवाट झाली. आणि गब्बर गोऱ्या नटांना ती परवडते, हेही मान्य. पण पुढचं ऐका.

१९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये स्टुअर्टचा मुलगा रोनाल्ड मारला गेला. बायकोच्या पहिल्या लग्नाचा, पण ह्याने आपला म्हणून वाढवलेला. वय २४. आणि १९७२ मध्ये फोंडाची मुलगी जेन हनोईला, म्हणजे अमेरिकेशी लढणाऱ्या उत्तर व्हिएतनामच्या राजधानीत जाऊन विमानविरोधी तोफेवर बसून फोटो काढून आली. आता सांगा, ह्यापेक्षा मोठं कारण हवं होतं का मैत्री तोडायला? नाही तुटली. आणि आमचं तुटलं कशावरून? इमोजीवरून!

मला रडवतो तो घोडा. स्टुअर्टचा लाडका घोडा, नाव 'पाय' (Pie), वीसेक वर्षं त्याच्या वेस्टर्नपटांत त्याला पाठीवर घेऊन फिरलेला. दोघं मित्र 'द शायेन सोशल क्लब' करत होते तेव्हा तो इतका थकला होता की शूटिंग झेपेना. फोंडाने गुपचूप जाऊन त्याचं चित्र काढलं आणि स्टुअर्टला भेट दिलं. थोड्याच दिवसांत घोडा गेला.

जिगरी दोस्त असा असतो. तो कोणाला मत देतो ते गेलं खड्ड्यात. तुझं मत मला तेव्हाही पटत नव्हतं रे, त्या अमृततुल्यच्या बाकावरसुद्धा आपण भांडायचोच, आणि मग तू "अं... म्हणजे..." सुरू केलंस की विषय संपायचा. ग्रुपचा अ‍ॅडमिन मी आहे. तुला संध्याकाळी परत घेतोय, विचारणार नाही.

आणि "पण जेनचं बरोबरच होतं" किंवा "जेन देशद्रोही" असं लिहायला कोणी खाली आलंच, तर दोन्ही बाजूंच्या कॉमेंट उडवणार.