काळा घोड्याला जाताय? मग एवढं वाचून जा

फेब्रुवारीत मुंबईतल्या काळा घोडा कला फेस्टिव्हलला जाणार असाल तर मोबाईल तेवढा फुल चार्ज करा, बाकी तयारी काही लागत नाही. नुसतं बघून परत आलात तर तुम्ही गेला होतात याला पुरावा काय?

पहिला फोटो घोड्यासोबत. कोणी जुना मुंबईकर सांगायला लागला की मूळ पुतळ्यातल्या घोड्यावर इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड बसलेला होता, १९६५ साली दोघांना उचलून राणीच्या बागेत नेलं, म्हणजे पन्नासेक वर्षं काळा घोडा नावाच्या जागी घोडाच नव्हता आणि २०१७ मध्ये नवा आणला तो बिनस्वाराचा, तर हो हो म्हणा आणि मोबाईल त्याच्याच हातात द्या, फोटो तरी काढेल.

के. दुभाष मार्गाला रॅम्पार्ट रो म्हणायचं, वजन पडतं. प्रोग्रेसिव्ह ग्रुपवाल्या कलाकारांनी १९४९ मध्ये पहिलं प्रदर्शन इथेच भरवलं. सूझा, रझा, हुसेन ही तीन नावं पाठ करा, बास. त्यात गाडे आणि बाकरे पण होते, पण ती आपली मराठी माणसं, माहीत नसली तरी चालतं.

जहांगीर आर्ट गॅलरीमध्ये एंट्री फ्री आहे. आत लाखांच्या चित्रापुढे मान डोलवायची आणि बाहेर फुटपाथवर उन्हात बसलेल्या चित्रकाराशी दोनशे रुपयांवरून घासाघीस करायची. गॅलरीतलं समोवार कॅफे २०१५ ला बंद झालं, सीडी-कॅसेटचं दुकान ऱ्हिदम हाऊस २०१६ ला, तेव्हा जरा हळहळ पाहिजेच. शेवटची सीडी कधी घेतली हे ज्याला आठवत नाही त्याची पोस्ट सगळ्यात लांब असावी.

आता कवी अरुण कोलटकर. हे नाव घेतल्याशिवाय तिथून निघायचंच नाही. ते दर गुरुवारी दुपारी इथल्या वेसाइड इन हॉटेलात बसायचे (तेही बंद झालं, सांगायला नको) आणि बाहेरचा भटका कुत्रा, झाडूवाल्या, फुटपाथवर राहणारी माणसं, त्यांची सकाळची इडली, सगळं कवितेत आणायचे. त्या कवितांचं पुस्तक २००४ ला आलं, त्याच वर्षी ते गेले. पुस्तक वाचू नका, वेळ जातो. फक्त तीच फुटपाथवरची माणसं आज तुमच्या फ्रेममध्ये आली तर जरा बाजूला व्हायला सांगा, कवितेत ठीक आहे हो, फोटोत बरं नाही दिसत.

मग एखाद्या कॅफेत बसा. कोणी कवी शेजारचं टेबल अडवून बसेल ही भीती नको, मेन्यूतले रेट बघूनच तो उठेल. तुमचं बिल आलं की मात्र चेहरा नॉर्मल ठेवा.