एलवाय दिसला की क्रियाविशेषण? जरा थांबा

स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: ‘इंग्रजी शब्दाच्या शेवटी एलवाय (ly) असेल तर तो शब्द ॲडव्हर्ब (क्रियाविशेषण), नसेल तर नाही. ॲडव्हर्ब फक्त क्रियापदाबद्दल सांगतो. अडलं तर ॲडजेक्टिव्हला (विशेषणाला) एलवाय जोडून मोकळे व्हा.’

आधी एलवाय. फ्रेंडली, लव्हली, सिली ही विशेषणं आहेत. जुलैच्या शेवटीही एलवायच येतो, म्हणून काय तो महिना क्रियाविशेषण झाला? जुन्या इंग्रजीत विशेषणाचा प्रत्यय ‘लिच’ होता, क्रियाविशेषणाचा ‘लिचे’. दोघांच्या शेपट्या झिजल्या आणि दोघांचंही एलवाय झालं. तेव्हा प्रत्ययाआधीचा शब्द बघा. फ्रेंडसारखं नाम असेल तर बहुधा विशेषण, स्लोसारखं विशेषण असेल तर बहुधा क्रियाविशेषण. बहुधाच, कारण डेड हे विशेषण असूनही विशेषणच राहणारं ‘डेडली’ आहेच छळायला. आणि सून, नेव्हर, ऑफन यांना एलवाय नाही, तरी ती अस्सल क्रियाविशेषणं.

‘फक्त क्रियापद’ हेही खोटं. ‘व्हेरी टॉल’मधलं व्हेरी विशेषणाला चिकटलंय. ‘फॉर्च्युनेटली, इट रेन्ड’मध्ये तर अख्ख्या वाक्यावर शेरा आहे: पाऊस पडला, हे नशीब.

सगळ्यात घातक तिसरा सल्ला. माझ्याकडे शिकणाऱ्या एकाने नोकरीच्या अर्जात लिहिलं, ‘आय हॅव वर्क्ड हार्डली.’ त्याला सांगायचं होतं, कष्ट केलेत. वाचणाऱ्याला वाटणार, पठ्ठ्याने काम जेमतेमच केलंय. क्रियाविशेषण म्हणूनही हार्ड हे हार्डच राहतं. लेट म्हणजे उशिरा, लेटली म्हणजे अलीकडे. फास्टली तर आजच्या इंग्रजीत कुणी म्हणतच नाही.

‘शी लुक्स ब्यूटिफुली’ ही चूकही इथलीच, आणि तिला आपली मराठी थोडी जबाबदार आहे. ती छान मुलगी आहे, ती छान गाते, ती छान दिसते: आपलं तिन्हीकडे छानवर भागतं. इंग्रजीत मात्र नाइस, नाइसली आणि पुन्हा नाइस. दिसण्यात ती काही करत नाही, ती कशी आहे ते आपण सांगतोय. स्मेल, टेस्ट, फील यांचंही तेच. शंका आली तर क्रियापद काढून ‘इज’ ठेवा. अर्थ साधारण टिकला तर विशेषणच हवं.

पण ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट हिम’ बरोबर आहे. तिथे तिने त्याच्याकडे रागाने बघितलं. ‘शी लुक्ड अँग्री’मध्ये ती नुसती रागावलेली दिसली, कदाचित त्याच्याकडे पाठ करून.