गोसब, सब आणि फंक्शन: फिरत्या मजकुरातल्या तीन चुका

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर सारखा फिरत असतो. त्याचं म्हणणं असं: जुन्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शन (किंमत काढून देणारा कोडचा तुकडा) नव्हतीच, फक्त गोसब (दुसऱ्या ओळीवर जाऊन परत येण्याची आज्ञा) होतं. पुढे त्याच गोसबचं नाव सब (नाव दिलेला कोडचा तुकडा) झालं. आणि फंक्शन किंमत परत देतं, सब देत नाही, एवढाच दोघांतला फरक.

पहिलं विधान तर सरळ खोटं आहे. केमेनी आणि कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजात बेसिक सुरू केली, तेव्हापासून त्यात गोसबही होतं आणि फंक्शन लिहायची डेफ ही आज्ञाही. एफएनए ते एफएनझेड अशी २६ फंक्शन स्वतः लिहिता येत. एका ओळीत मावेल तेवढंच सूत्र, ही मर्यादा होती खरी. पण मर्यादा असणं वेगळं आणि नसणं वेगळं.

दुसऱ्या विधानानं जास्त नुकसान होतं. गोसब ५०० म्हणजे 'परत कुठं यायचं ते लक्षात ठेव आणि ५०० नंबरच्या ओळीवर जा', बस. त्याला ना आर्ग्युमेंट (बाहेरून दिलेली किंमत), ना स्वतःचे व्हेरिएबल. मुख्य प्रोग्रामात आय हा व्हेरिएबल १ ते १० मोजतोय आणि सबरूटीननं (गोसबनं गाठलेल्या ओळींनी) त्याच आयमध्ये दर वेळी १ टाकला, तर लूप संपतच नाही. सबरूटीनच्या आधी एंड (थांबण्याची आज्ञा) लिहायचं राहिलं, तर प्रोग्राम घरंगळत आपोआप तिच्यात शिरतो आणि शेवटी 'रिटर्न विदाउट गोसब' म्हणून अडतो. (जुन्या पीसीवरच्या जीडब्ल्यू-बेसिकवर शिकलेल्यांना हा संदेश तोंडपाठ असेल.) मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या क्विकबेसिकमधला सब मात्र वेगळा कप्पा आहे: त्याला नाव असतं, आर्ग्युमेंट असतात, आणि आतला आय बाहेरच्या आयला शिवत नाही. बीबीसी मायक्रो या कॉम्प्युटरवरच्या बीबीसी बेसिकनं १९८१ मध्येच प्रोक (नाव दिलेला तुकडा) आणि लोकल (त्याचे स्वतःचे व्हेरिएबल) देऊन हे साधलं होतं. आपल्याकडच्या शाळांत 'क्लास' या संगणक-शिक्षणाच्या सरकारी प्रकल्पातून हीच बीबीसी मायक्रो मशीन आली होती.

तिसरं विधान अर्धं खरं. क्यूबेसिकमध्ये (क्विकबेसिकचीच छोटी आवृत्ती) आर्ग्युमेंट मुळातच बाय रेफरन्स जातात, म्हणजे प्रत नाही तर मूळ व्हेरिएबलच दिला जातो. त्यामुळे आर्ग्युमेंट म्हणून दिलेला व्हेरिएबल सबनं आत बदलला की बाहेरचाही बदलतो, आणि एकच सब दोन-तीन उत्तरं देऊ शकतो. उलट फंक्शनमध्ये त्याच्या नावाला किंमत द्यायला विसरलात, तर ते कुरकुर न करता शून्य परत देतं. ही चूक शोधताना जीव जातो.

खरा फरक वापराच्या जागेत आहे. फंक्शन सूत्राच्या आत बसतं. सब ही स्वतंत्र आज्ञा आहे. एक्सेलच्या आतल्या व्हीबीए या बेसिकमध्ये हे आजही दिसतं. सेलमध्ये बरोबरच्या चिन्हापुढे फंक्शन लिहिता येतं, सब नाही. आणि सेलमधून बोलावलेलं फंक्शन सरळ शेजारच्या सेलमध्ये लिहायला गेलं, तर एक्सेल ते होऊ देत नाही. ते काम सबचं.